पराभूताची पदोन्नती

६ मे २०२५ रोजी फ्रीडरिश मेर्त्स जर्मनीचे चॅन्सेलर झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळापाठोपाठ कनिष्ठ पदांच्या नेमणुका जाहीर झाल्या. त्या यादीत फिलिप आम्टोर हे नाव होते. डिजिटल व्यवहार आणि शासनाचे आधुनिकीकरण ह्या नव्यानेच निर्माण केलेल्या खात्याचे संसदीय राज्यसचिवपद त्यांच्याकडे आले. आपल्याकडील परिभाषेत ह्यास उपमंत्रिपद म्हणता येईल. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. एवढ्या वयात अशी जागा मिळविणाऱ्या तरुणाचे कौतुक व्हावे हे स्वाभाविक आहे, आणि ते झालेही. परंतु त्या नेमणुकीच्या अडीच महिने आधी, २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत, हेच आम्टोर आपल्या स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाले होते. तत्पूर्वी २०२१ मध्येही ते पराभूत झाले होते, आणि तेव्हा तर तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले होते. ज्या मुलखाने त्यांना प्रथम संसदेत पाठविले त्याने दोनदा त्यांच्याकडे पाठ फिरविली, आणि तरीही त्यांची पायरी चढतीच राहिली. हे घडते कसे, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासारखे आहे.

मुलूख प्रथम पाहू. जर्मनीच्या ईशान्य टोकास, ओडर नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जे विस्तीर्ण खाजण करते त्याच्या काठी, युकरम्युंडे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १० नोव्हेंबर १९९२ रोजी आम्टोर जन्मले. जवळच्याच टोर्गेलो गावात, एकट्या आईने त्यांना वाढविले. टोर्गेलोची ख्याती दोन गोष्टींसाठी : ओतीव लोखंडाचा धंदा आणि सैन्याच्या छावण्या. पूर्व जर्मनीचे कम्युनिस्ट राज्य होते तोवर दोहोंनाही बरकत होती. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्यानंतर कारखान्यांची कामे घटली, छावण्या रोडावल्या आणि हाताला काम शोधीत तरुण पिढी पश्चिमेकडे निघून गेली. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न हे ज्या राज्याचे नाव, त्याची लोकसंख्या एकीकरणाच्या वेळी सुमारे १९ लाख होती. ती पुढे १६ लाखांच्या घरात आली.

ह्या भागाचे आणखी एक दुखणे अधिक जुने आहे. पोमेरानियाचे मोठे शहर, व्यापाराचे बंदर, इस्पितळे, शाळा व बाजारपेठ यांचे केंद्र म्हणजे श्टेटिन. १९४५ नंतर ते पोलंडकडे गेले आणि श्चेचिन झाले. १४ नोव्हेंबर १९९० च्या जर्मन-पोलिश सीमाकराराने ती रेषा कायमची मान्य झाली. शहर एका राष्ट्रात आणि त्याच्या जिवावर जगलेला मुलूख दुसऱ्या राष्ट्रात राहिला म्हणजे त्या मुलखाची कशी परवड होते, हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला, २००७ च्या डिसेंबरात सरहद्दीवरील तपासणी उठली, आणि मग उलटा प्रवाह सुरू झाला. श्चेचिनमधील पोलिश कुटुंबे स्वस्त घरांसाठी ल्योकनित्ससारख्या जर्मन गावांत येऊन राहू लागली. ओस पडत चाललेल्या शाळांना मुले मिळाली, बंद घरांत दिवे लागले. त्याच वेळी परकीयांविषयीच्या रोषावर पोसलेल्या पक्षांनाही ह्याच भागात सुपीक जमीन मिळाली. २००६ ते २०१६ अशी दहा वर्षे नवनाझी वळणाचा एनपीडी हा पक्ष त्या राज्याच्या विधानसभेत बसला होता. तो गेला, पण त्याच २०१६ च्या निवडणुकीत ‘जर्मनीसाठी पर्याय’ असे नाव घेतलेला एएफडी हा नवा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसरा आला आणि मेर्केलबाईंचा ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे सीडीयू, त्यांच्या स्वतःच्या राज्यात तिसऱ्या स्थानावर गेला.

अशा भूमीतून हा तरुण वर आला आहे, हे विसरून त्याच्याविषयी मत बनविणे अन्यायाचे होईल. २००८ मध्ये, शाळेत असतानाच, तो सीडीयूचा सभासद झाला. ग्राइफ्सवाल्डच्या विद्यापीठात त्याने कायद्याचा अभ्यास केला. वेष पहिल्यापासून प्रौढ गृहस्थाचा : गडद सूट, गळपट्टी, जाड चौकटीचा चष्मा, बोलणे घटनेच्या कलमांनी भरलेले. तरुण देहात शिरलेला म्हातारा, अशी त्याची थट्टा जर्मन वृत्तपत्रांनी आणि त्यांच्याहूनही अधिक समाजमाध्यमांनी केली. आम्हास ही थट्टा उथळ वाटते. सीडीयूचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनौर १९४९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा ७३ वर्षांचे होते. त्या पक्षाच्या घरात पोक्तपणाची हवाच आहे. हेल्मुट कोलही २९ व्या वर्षी, १९५९ मध्ये, आपल्या राज्याच्या विधानसभेत शिरले आणि ३९ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. परंपरावादी तरुण ही जर्मनीत काही नवलाची वस्तू नव्हे. आम्टोर यांच्याविषयी नवल असेलच तर ते निराळे आहे. ज्या प्रदेशातील बहुसंख्य लोकांचा कोणत्याही चर्चशी संबंध उरलेला नाही, जेथे जे काही ख्रिस्ती उरले तेही मुख्यतः प्रॉटेस्टंट, तेथल्या ह्या मनुष्याने २०१९ मध्ये, संसदसदस्य झाल्यानंतर, कॅथलिक पंथात बाप्तिस्मा घेतला. घरातून, गावातून अथवा वारशाने न आलेली परंपरा त्याने स्वतः निवडून अंगीकारली. ह्यात नाटक आहे असे म्हणणारे म्हणोत. आम्हास त्यात निष्ठेची भूक दिसते.

२४ सप्टेंबर २०१७ च्या निवडणुकीत, २४ वर्षांच्या ह्या उमेदवाराने आपला मतदारसंघ सुमारे ३१ टक्के मतांनी जिंकला. थेट निवडून आलेल्या सदस्यांत त्याच्याहून लहान कोणी नव्हते. त्या वर्षी मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमधील सहाही जागा सीडीयूने घेतल्या, त्यांतली एक खुद्द अँगेला मेर्केल यांची. ह्या घवघवीत यशाने एक गोष्ट झाकली गेली : एएफडीही संपूर्ण देशातून प्रथमच बुंडेस्टागमध्ये, म्हणजे संघीय संसदेत, येऊन बसला होता.

आणि येथेच आम्टोर यांच्या कारकीर्दीतील सर्वांत उजळ दिवस येतो. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी एएफडीने सार्वजनिक ठिकाणी चेहरा संपूर्ण झाकणाऱ्या वेषावर बंदी घालावी असा प्रस्ताव आणला. आम्टोर उठले. बुरखा आपल्यालाही नापसंत आहे, काही विशिष्ट ठिकाणी त्यास मज्जाव असावा ही आपल्या पक्षाचीही भूमिका आहे, हे त्यांनी लपविले नाही. परंतु सरसकट बंदी घटनेने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या कसोटीस उतरणार नाही, आणि ज्या पक्षास कायद्याचे राज्य हवे असे तो म्हणतो त्याने निदान कायदा वाचून यावे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. कलमे तोंडपाठ, स्वर शांत, उपरोध नेमका. प्रस्तावकांची त्रेधा उडाली आणि ते भाषण लाखो लोकांनी पाहिले. उजव्या पक्षाचा प्रतिवाद डावीकडून ओरडून करण्यापेक्षा उजवीकडूनच शांतपणे करणे किती परिणामकारक होते, ह्याचा तो वस्तुपाठ होता. ह्या तरुणाकडून पक्षाने मोठ्या अपेक्षा बाळगल्या असतील तर त्यांस आधार होता.

पुढल्या वर्षीची एक घटना ओझरती सांगावी लागेल. मे २०१९ मध्ये, युरोपीय संसदेच्या निवडणुकीस आठवडा उरला असता, रेझो ह्या नावाने वावरणाऱ्या एका तरुणाने सीडीयूच्या कारभाराची झाडाझडती घेणारे जवळजवळ तासाभराचे चित्रभाषण यूट्यूबवर प्रसिद्ध केले. त्याला उत्तर म्हणून पक्षाने आम्टोर यांचे चित्रण करून घेतले. मग धीर सुटला आणि ते दाबून ठेवून त्याऐवजी अकरा पानांचे छापील निवेदन काढले. निळ्या केसांच्या त्या पोराला अकरा पानांनी काय होणार? सीडीयू आणि तिचा बव्हेरियातील बंधुपक्ष यांची मते त्या निवडणुकीत २८.९ टक्क्यांवर आली. आम्टोर यांचा ह्यात दोष नव्हता. मात्र पक्ष आपल्या तरुण माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता हे दिसून आले : तरुणांना दाखवावयाचा तरुण, एक प्रदर्शनीय वस्तू.

२०२० च्या आरंभी राज्यशाखेचे अध्यक्षपद रिकामे झाले. आम्टोर यांच्या विरोधात उभ्या असलेल्या राज्याच्या न्यायमंत्री काटी होफमाइस्टर यांनी माघार घेतली आणि २७ वर्षांचे आम्टोर अध्यक्ष होणार हे ठरल्यासारखे झाले. तेथून मुख्यमंत्रिपदाची वाट फार लांब नव्हती. १२ जून रोजी ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकाने एक पत्र उजेडात आणले. ते पत्र २०१८ च्या शरदऋतूत, म्हणजे बुरख्यावरील त्या गाजलेल्या भाषणास वर्ष होण्यापूर्वीच, संसदेच्या शीर्षपत्रावर, अर्थमंत्री पेटर आल्टमायर यांस लिहिलेले होते. न्यूयॉर्कमधील ऑगस्टस इंटेलिजन्स नावाच्या एका नवख्या कंपनीस राजकीय पाठबळ मिळावे अशी विनंती आम्टोर यांनी त्यात केली होती. मंत्रालयाचे दार उघडले. कंपनीच्या प्रतिनिधींच्या तेथे भेटी झाल्या. पुढे त्याच कंपनीत आम्टोर यांना संचालकाची जागा आणि तिचे २८१७ भाग ठरावीक अटींवर घेण्याचा हक्क मिळाला.

ह्यात गुन्हा होता काय? त्या वेळच्या नियमांचा भंग झाल्याचे सिद्ध झाले नाही. भाग घेण्याचा हक्क संसदेस कळविलाच पाहिजे असे नियमात तेव्हा लिहिलेलेच नव्हते. आम्टोर यांनी आपली चूक झाल्याचे सांगितले, आपण विकले जाणारे नव्हे असेही बजावले, ते हक्क परत केले आणि कंपनीशी संबंध तोडला. १९ जून रोजी त्यांनी राज्यशाखेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मागे घेतली. बर्लिनमधील नाताळच्या बाजारावर २०१६ मध्ये झालेल्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीतूनही ते बाहेर पडले. गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख हान्स-गेओर्ग मासेन हे त्याच कंपनीच्या वर्तुळात वावरलेले होते आणि त्यांचे काम त्या समितीच्या चौकशीच्या कक्षेत येत होते, हे लक्षात घेता दुसरा मार्गही नव्हता.

त्या वर्तुळात आणखी एक नाव होते आणि ते मोठे बोलके आहे : कार्ल-थेओडोर त्सू गुट्टेनबेर्ग. बव्हेरियाच्या ह्या उमरावपुत्राने ३७ व्या वर्षी, २००९ मध्ये, अर्थखाते व त्याच वर्षी संरक्षणखाते मिळविले. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या कुल्मबाख मतदारसंघाने त्याला ६८ टक्के मते दिली. संपूर्ण देशात कोणाही उमेदवारास तेवढी मिळाली नव्हती. २०११ च्या फेब्रुवारीत त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातील उसनवारी उघड झाली. १ मार्चला त्याने मंत्रिपद सोडले आणि पाठोपाठ संसदेची जागाही सोडली. लोक त्याच्या बाजूने मोर्चे काढीत होते तरी त्यास जावे लागले. आता दोघांची तुलना करा. ज्याच्या मागे मतदारांचा एवढा मोठा डोंगर उभा होता तो घरी गेला. ज्याच्यावरचा मतदारांचा विश्वास उडाला होता तो राहिला आणि चढला. दोघांच्या दोषांची जात वेगळी, हे खरे. तरी ह्या फरकाचे कारण दोषांत सापडत नाही. ते जर्मन निवडणुकीच्या घडणीत सापडते.

ती घडण थोडक्यात अशी. १९५३ पासून जर्मन मतदाराच्या हाती दोन मते असतात. मतपत्रिकेच्या डाव्या स्तंभात तो आपल्या मतदारसंघासाठी एक माणूस निवडतो. उजव्या स्तंभात तो पक्षास मत देतो आणि त्या मतांच्या प्रमाणात प्रत्येक पक्षाच्या वाट्यास येणाऱ्या जागा ठरतात. थेट जिंकलेल्या जागांनी पक्षाचा वाटा भरला नाही तर उरलेल्या जागा पक्षाने राज्यागणिक आधीच तयार करून दिलेल्या यादीतून, वरून खाली, भरल्या जातात. मतदारास ह्या यादीतला क्रम बदलता येत नाही. एखाद्या मोठ्या पक्षाच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला म्हणजे संसद मिळाली असेच समजावयाचे. मतदारसंघात जय होवो की पराजय.

लाचलुचपतीचा आरोप सिद्ध झाला नसला तरी लोकांच्या मनातून उतरलेल्या आम्टोर यांना, त्या प्रकरणास वर्षही लोटले नसता, सीडीयूच्या राज्यशाखेने २०२१ च्या निवडणुकीसाठी नेमका हाच पहिला क्रमांक दिला. २६ सप्टेंबर २०२१ रोजी मतदारांनी आपले उत्तर दिले. आम्टोर यांच्या मतदारसंघात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे एरिक फॉन मालोट्की जिंकले, एएफडी दुसरा आला, आणि चार वर्षांपूर्वीचा विजयी वीर सुमारे २१ टक्के मतांवर तिसरा राहिला. सहाही जागा सीडीयूच्या हातून गेल्या. मेर्केल यांनी १९९० पासून सांभाळलेला मतदारसंघही गेला. त्याच दिवशी झालेल्या राज्य विधानसभेच्या निवडणुकीत पक्षास अवघी १३.३ टक्के मते पडली. आम्टोर मात्र यादीवरून बर्लिनला परतले. २०२५ मध्ये तोच क्रम : यादीत पहिले, मतदारसंघात एएफडीकडून पराभूत, संसदेत कायम. संसदीय राज्यसचिवाची जागा सर्वसाधारणपणे संसदसदस्यासच मिळते, म्हणजे त्या उपमंत्रिपदाची पहिली पायरीही यादीचीच होती.

कोणी म्हणेल की ह्या पराभवांचे खापर एकट्या आम्टोर यांच्या माथी का फोडावे? २०२१ मध्ये सीडीयू देशभर बुडाला. २०२५ मध्ये पूर्व जर्मनीत एएफडीचा पूर आला. हे म्हणणे खरे आहे. पण पुराचा हिशेब मांडला तर तो असा होतो. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमध्ये २०१७ साली सीडीयूस ३३.१ टक्के पक्षमते होती आणि एएफडीस १८.६. आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, एएफडीस ३५ टक्के आणि सीडीयूस १८ च्या आसपास. आकड्यांनी जागांची अदलाबदल केली. ह्या आठ वर्षांत त्या राज्यातील सीडीयूचा सर्वांत ओळखीचा चेहरा कोणता होता, हे सांगावयास नको. संसदेच्या व्यासपीठावर ज्याने एएफडीची भंबेरी उडविली त्याच्याच अंगणात एएफडी सर्वांत बलवान झाला. भाषणाचा विजय आणि भूमीवरचा विजय ह्यांत केवढे अंतर असते ते ह्याहून स्पष्ट दिसणार नाही.

हे अंतर का पडले ह्याचे एक कारण आमच्या मते त्या २०१८ च्या पत्रात आहे. टोर्गेलोच्या ओतशाळेतल्या कामगारास, युकरम्युंडेच्या दुकानदारास, दोन जिल्ह्यांमधल्या अंतरामुळे इस्पितळाकडे धावणाऱ्या म्हातारीस आपल्या खासदाराकडून अपेक्षा असते ती मंत्रालयात आपले गाऱ्हाणे पोहोचविण्याची. पत्र लिहिणे हे खासदाराचे काम आहेच. पण ज्या पत्राने त्यांचे नाव देशभर झाले ते पत्र टोर्गेलोसाठी नव्हते, न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी होते. ‘वरचे सगळे आपापले पाहतात’ हेच तर एएफडीचे एकमेव भांडवल. त्यात ह्या प्रकरणाने भर घातली. आणि त्यानंतर पक्षाने यादीचा पहिला क्रमांक देऊन जणू सांगितले की तुमच्या नाराजीने काही बिघडत नाही.

ह्यानंतर जे घडले ते आम्हास अधिक खटकते. संसदेने आपले नियम सुधारले. मार्च २०२१ मध्ये लॉबीकारांच्या नोंदवहीचा कायदा मंजूर झाला. तो १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आला. त्याच वर्षी खासदारांच्या आचारनियमांत भागांवरील हक्क जाहीर करण्याची सक्ती आली आणि मोबदला घेऊन सरकारकडे रदबदली करण्यावर बंदी आली. साथीच्या काळात मुखपट्ट्यांच्या खरेदीतून दलाली उकळणाऱ्या काही खासदारांमुळेही हा रेटा वाढला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्टोर यांच्या प्रकरणातून देशाने एवढा धडा घेतला. त्यांनी स्वतः काय घेतला? २०२५ च्या मार्चमध्ये, नव्या सरकारच्या करारनाम्याच्या वाटाघाटी चालू असता, शासनसुधारणेच्या ज्या गटात सीडीयूच्या वतीने आम्टोर पुढाकार घेत होते त्याच्या कागदपत्रांतून एक वाक्य बाहेर फुटले : माहिती-स्वातंत्र्याचा कायदा, सध्याच्या स्वरूपात, रद्द करावा. २००६ च्या आरंभापासून अंमलात असलेला हा कायदा सामान्य नागरिकास मंत्रालयातील कागद पाहण्याचा हक्क देतो. कोणी कोणास पत्र लिहिले, कोण कोणास भेटले, हे विचारण्याचे ते साधन. त्याच्यावर कुऱ्हाड चालविण्याची भाषा, मंत्रालयास लिहिलेल्या एका पत्रानेच ज्याची अब्रू पणास लागली त्याच्या दालनातून यावी, हे अशोभनीय होते. ओरड झाली, आणि अंतिम करारनाम्यात कायदा मोडण्याऐवजी त्यात सुधारणा करण्याची मोघम भाषा आली. तरी तो हेतू नोंदला गेला.

आम्टोर यांच्या समर्थकांचा एक मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. यादीची पद्धत नसती तर जर्मन संसद किती तरी चांगल्या माणसांना मुकली असती. हेल्मुट कोल यांच्यासारख्या माणसानेही अनेकदा मतदारसंघ न जिंकता यादीवरूनच संसद गाठली. त्यांना कोणी पराभूत म्हणून हिणविले नाही. शिवाय ज्याची बुद्धी घटनेच्या प्रश्नावर चालते, ज्याच्यापाशी भाषेचे बळ आहे, असे किती तरुण परंपरावादी पक्षांत उरले आहेत? युरोपात इतरत्र तेच तरुण आततायी पक्षांकडे वाहत चालले असता आम्टोर यांनी २०१८ पासून एएफडीशी असलेले वैर सोडलेले नाही, हे त्यांचे श्रेय आहे. त्यांना घरी बसवून एएफडीसच आनंद झाला असता.

हे सर्व मान्य. पण कोल यांची यादी आणि आम्टोर यांची यादी ह्यांत भेद आहे. कोल ज्या लुडविग्सहाफेनमध्ये हरत ते सोशल डेमोक्रॅटांचे कामगार-शहर होते; तेथे उभे राहणे हेच धाडस होते. आम्टोर हरले ते आपल्या पक्षाच्या, आपण स्वतः जिंकलेल्या, जन्मभूमीच्या मतदारसंघात, आणि ते एका प्रकरणाची सावली अंगावर असताना. अशा वेळी यादी ही माणसास जपण्याची सोय राहत नाही. ती त्यास मतदाराच्या नजरेपासून आडोसा देते. परंपरावादी राजकारणाचा दावा असतो की माती, गाव, पिढ्यान्पिढ्यांचे संबंध ह्यांतून माणसास अधिकार येतो. तो अधिकार त्या मातीनेच काढून घेतला तर परत मिळविण्याचा मार्गही तिच्यातूनच जातो. जिल्हा परिषद आहे, राज्याची विधानसभा आहे. तेथे पाच वर्षे घालवून मग बर्लिनकडे वळण्यात २८ वर्षांच्या माणसाचे काही गेले नसते. पक्षाने तो वेळ त्यास दिला नाही, आणि त्यानेही मागितला नाही.

२०२३ मध्ये जर्मनीने निवडणुकीचा कायदा बदलला आणि संसदेच्या जागा ६३० वर गोठविल्या. त्याचा परिणाम असा की २०२५ मध्ये २३ उमेदवार आपापल्या मतदारसंघांत पहिले येऊनही, पक्षाचा वाटा पुरेसा नसल्याने, संसदेत जाऊ शकले नाहीत. त्यांतले १५ तर सीडीयूचेच होते. त्या पक्षाने ह्याविरुद्ध मोठा कंठशोष केला : लोकांनी निवडलेल्या माणसास बाहेर ठेवणे हा मतदाराचा अपमान आहे. आम्हास ही तक्रार रास्त वाटते. पण मग लोकांनी दोनदा नाकारलेल्यास यादीच्या शिरोभागी बसवून आत नेणे हा कोणाचा सन्मान आहे, हेही त्या पक्षाने सांगावयास हवे.

टोर्गेलोच्या मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते तिच्या डाव्या स्तंभात काळ्या शाईने उमेदवारांची नावे असतात; उजव्या स्तंभात निळ्या शाईने पक्ष, आणि प्रत्येक पक्षाखाली यादीतील पहिली पाच नावे. २०२१ आणि २०२५ ह्या दोन्ही वेळा आम्टोर यांचे नाव दोन्ही स्तंभांत होते. पुढल्या निवडणुकीत ते केवळ डाव्या स्तंभात असावे. उजवीकडचे नाव स्वतःहून काढून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. पक्षाच्या राज्य-अधिवेशनात उभे राहून तसे एका वाक्यात सांगितले की झाले. मग उपमंत्रिपदाचा मान पणास लावून युकरम्युंडेच्या बंदरावर, ल्योकनित्सच्या पोलिश-जर्मन वस्त्यांत, ओतशाळेच्या दारात त्यांनी मते मागावीत. तेथला मतदार त्यांना तिसऱ्यांदा काय सांगतो ते त्यांनीही ऐकावे आणि त्यांच्या पक्षानेही.